राहून गेलेली ओळ

३ मार्च, सोमवार

सहा कुठून आले — एवढंच विचारत होती ती बाई. पाच वेळा! साडेदहापासून माझ्या टेबलासमोर उभी. मी म्हटलं, अहो बाई, मी स्टेनो आहे. साहेब सांगतात, मी उतरवून घेते, मग टाइप करते. वर्षं मी ठरवत नाही. तर म्हणते, "म्हणूनच तुमच्याकडे आले. लिहिलंत तुम्हीच ना?"

साठीची असेल. करडा स्वेटर, कोपरावर रफू. हातात निकालाची नक्कल, चार घड्या घातलेली. ती मालाच्या लिफ्टची केस. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने तपासणीपुरती दाराच्या कुलुपाची वायर परस्पर जोडली होती, म्हणजे लिफ्ट नसली तरी दार उघडावं. आणि जाताना ती काढायची विसरला. दुसऱ्या दिवशी गोदामातले दोन हमाल मध्ये कापडाचा गठ्ठा धरून आत शिरले. आत लिफ्टच नव्हती. दोघेही गेले. मेकॅनिकने पहिल्याच दिवशी गुन्हा कबूल केला. साक्षी नाहीत, उलटतपासणी नाही, तेरा जानेवारीला निकाल. एकेका मृत्यूची तीन-तीन वर्षं.

"साहेब म्हणाले तीन-तीन, पण दोन्ही एकाच वेळी भोगायची. म्हणजे तीनच. मी पहिल्या बाकावर होते," बाई म्हणते. "आणि कागदावर सहा होतात. आमच्या मॅनेजरने दोनदा वाचून दाखवलं." ट्रकांचं वजन करतात त्या काट्यावर नोकरीला आहे म्हणे.

मेकॅनिकची आई असणार. मी मनात म्हटलं, आयांना हवं तेच ऐकू येतं. तोंडाने म्हटलं, "मावशी, कोर्टात आवाज घुमतो. चुकून तसं ऐकू आलं असेल."

"मला नीट ऐकू येतं," ती म्हणाली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. पाचला मी निघाले तेव्हा तिथेच होती. उठली, मान हलवली, गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द सुनावता आले असते.

घरी आले तर ह्यांनी दारातच — "काय न्यायमूर्ती, आज कुणाला फाशी?" रोजचाच विनोद. आज हसू आलं नाही.

४ मार्च, मंगळवार

तिचं तोंड बंद करावं म्हणून जुनी वही काढली. वही चौथी, पान एकसष्ट, तेरा जानेवारी.

आहे!

साहेबांचं वाक्य माझ्याच हाताने उतरवलेलं आहे: "दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगायच्या आहेत." 'एकाच वेळी'साठी माझी एक खूण आहे, दोन रेघा आणि त्यांना जोडणारी कमान. लघुलिपीच्या पुस्तकात ती नाही, वीस वर्षांपूर्वी मीच घाईत बनवली. ती तिथे स्पष्ट आहे. लहान मुलालाही दिसेल, फक्त वाचता येणार नाही.

मग निकाल काढला. शेवटचा परिच्छेद. पहिल्या मृत्यूबद्दल तीन वर्षं. दुसऱ्या मृत्यूबद्दल तीन वर्षं. नक्कल मोफत द्यावी. सही. संपलं. ती ओळ नाही.

ती कशी राहिली ते मला लगेच कळलं. दुसऱ्या कुणाला कळलंच नसतं. निकालाचा वरचा भाग मी वहीवरून टाइप करते, शब्दन् शब्द. शेवट मात्र वहीवरून करत नाही. माझ्या संगणकात 'शेवट' नावाची एक फाइल आहे. शिक्षेचा परिच्छेद तयार, फक्त गुन्हा आणि वर्षं भरायची. अकरा वर्षांपूर्वी मीच केली. शेवट नेहमी तोच असतो ना! त्या फाइलमध्ये एकच शिक्षा आहे. मी तीच दोनदा चिकटवली, आणि ओळ वहीतच राहिली.

साहेब वरचा भाग पेन घेऊन वाचतात, स्वल्पविरामसुद्धा सोडत नाहीत. शेवटच्या पानावर आले की सही. "तुमचं शेवटचं पान बघायची गरज नाही, बाई." मला ह्याचा किती अभिमान होता! घरी येऊन सांगायचे मी.

आणि कायदा असा आहे की निकालात काही लिहिलं नसेल तर शिक्षा एकामागून एक. आधी एक संपणार, मग दुसरी सुरू. म्हणजे न लिहिलेल्यालाही अर्थ आहे. मी हे इतक्या वर्षांत हजारदा टाइप केलं असेल, पण आज पहिल्यांदा अंगावर काटा आला. एक ओळ गळली, आणि तिकडे एका माणसाची तीन वर्षं वाढली. आवाज नाही, काही पडलं नाही, फुटलं नाही. दीड महिना झाला, सगळं सुरळीत चालू आहे.

भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली.

५ मार्च, बुधवार

साहेबांना सांगायला दोनदा आत गेले. दोनदा वेगळ्याच फाइलीबद्दल बोलून बाहेर आले.

तो वायर विसरला. मी ओळ विसरले. तो आत आहे.

६ मार्च, गुरुवार

सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत. साहेब डबा उघडत होते. मी वही त्यांच्यापुढे ठेवली, बाजूला निकाल ठेवला. म्हटलं, साहेब, माझ्या हातून फार मोठी चूक झालीय. त्यांनी वही पाहिली — त्यांना काय दिसणार, नुसत्या रेघोट्या! मी वाचून दाखवली. एकदा. ते म्हणाले, पुन्हा वाचा. पुन्हा वाचली. मग निकालाचं शेवटचं पान त्यांनी स्वतः वाचलं. बोट ठेवून, सावकाश. डबा तसाच राहिला.

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते म्हणाले, "सही माझी आहे."

मी म्हटलं, साहेब, एक ओळच घालायची आहे. दुरुस्ती म्हणून. नावात चूक झाली, तारखेत झाली तर करतोच की आपण.

"नाव, तारीख, बेरीज — तेवढं मला करता येतं. ही लेखणीची चूक आहे हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. कागदाला माहीत नाही. कागद म्हणतो सहा. आज मी लेखणीची चूक म्हणून सहाचे तीन केले, तर उद्या दुसरा कुणी लेखणीची चूक म्हणून तिनाचे सहा करेल. म्हणून सही झाली की मी त्या निकालाला परका, बाई. एका काना-मात्रेलाही हात लावायचा नाही."

मी खुर्चीवर बसले. साहेबांसमोर मी कधी बसत नाही. ज्या माणसाने एका वाक्यात एखाद्याची वर्षं ठरवावीत, त्याला स्वतःचंच वाक्य सही झाल्यावर सरळ करता येत नाही! केवढं हे बांधकाम! राग यायला हवा होता. आला नाही. एखाद्या प्रचंड धरणाच्या भिंतीखाली उभं राहून वर पाहावं तसं झालं.

"मग कोण करणार?" मी विचारलं.

"वरचं कोर्ट. तेही आपणहून नाही. त्याने मागितलं तर."

७ मार्च, शुक्रवार

सरकारी मदतीच्या यादीतली एक वकीलबाई आहे. तरुण, सतत पळत असते, मी मनात तिला भिंगरी म्हणते. साहेबांनी तिच्याकडे केस द्यायला सांगितली. तिने उभ्याउभ्याच मला सगळं समजावलं, जणू मी पहिल्यांदा कोर्टात आलेय. समजावून घेतलं. हे सगळं मी लोकांसाठी टाइप करत होते, स्वतःसाठी कधी ऐकलं नव्हतं.

गुन्हा कबूल केला की 'मी केलं नाही' म्हणून वर जाता येत नाही. ते दार बंद, कायमचं. 'शिक्षा जास्त झाली' म्हणून मात्र जाता येतं. तेही निकालापासून साठ दिवसांत. साठावा दिवस चौदा मार्च. आज त्रेपन्नावा. आणि अपील त्याचंच हवं. आईचं चालणार नाही, भावाचं नाही, माझं तर नाहीच. सही त्याची. तुरुंगात असला तर तुरुंगाधिकाऱ्याच्या हातात कागद दिला की त्या क्षणी दाखल झालं असं धरतात.

"आणि उशीर झाला तर?" मी विचारलं.

"उशीर माफ होतो, पण कारण लागतं. वेळेत गेलं तर कुणी विचारणार नाही. आणि हो — ती वही तुमच्याशिवाय कोण वाचू शकतं?"

"कोणी नाही. माझी चिन्हं आता माझीच झालीत."

"मग वरचे म्हणतील, जिने चूक केली तीच सांगतेय की चूक झाली. पुरावा एवढाच?" असं म्हणून भिंगरी गेलीसुद्धा.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. "वही घ्या." त्यांनी वरच्या कोर्टाला पाठवायचं टिपण सांगितलं आणि मी उतरवलं. त्यात हे वाक्य होतं: 'शेवटचा परिच्छेद मी न वाचता सही केली.' माझं पेन थांबलं. म्हटलं, साहेब, हे असं उघड लिहायचं? लघुलेखकाच्या नजरचुकीने, एवढं पुरे की.

"तुम्ही चुकलात म्हणून ओळ राहिली. मी वाचलं नाही म्हणून ती राहिलेलीच राहिली. लिहा."

लिहिलं. टाइप करून दिलं. त्यांनी चष्मा पुसला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग सही केली. अपील आलं तर हे टिपण सोबत जाईल. नाही आलं तर रद्दी. लवकरच मोठी नेमणूक होणार म्हणतात ह्या माणसाची. म्हणत होते, असं आता लिहायला हवं.

८ मार्च, शनिवार

ह्यांना सांगितलं. भाजी निवडत होते. सगळं ऐकून म्हणाले, "आणि तू गप्प बसली असतीस तर?"

"कुणाला कळलं नसतं. वह्या पाच वर्षांनी नष्ट करतात."

"आणि आठ महिन्यांनी तुझा निरोप समारंभ. हार, भाषणं, 'एकतीस वर्षांत एकही चूक नाही.'"

"हो."

"मला ती भाषणं तशीही ऐकायची नव्हती," म्हणाले. पुन्हा निवडू लागले. हा माणूस चाळीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धूत होता. कधीकधी मला वाटतं, न्यायमूर्ती व्हायला हवं होतं ते ह्यांनीच.

१० मार्च, सोमवार

ती आली. काट्यावरची बाई. मी उठून बाहेर गेले, तिच्या शेजारी बाकावर बसले. म्हटलं, तुम्ही बरोबर ऐकलंत. माझ्याकडून ओळ राहिली. माफ करा.

तिने मान हलवली. रागावली नाही, आनंदही नाही. खांद्यावरचं ओझं कुणीतरी थोडं सरकवून नीट बसवावं तशी दिसली.

"मला वाटलं माझंच डोकं फिरलं की काय," म्हणाली. "महिनाभर तेच. काटा बघताना, भांडी घासताना. साहेब तीन म्हणाले. साहेब तीन म्हणाले."

मी तिला सगळं सांगितलं — साठ दिवस, भिंगरी, साहेबांचं टिपण. तिला धीर यावा म्हणून तिचा हात हातात घेतला. "काळजी करू नका. तुमचा मुलगा तीन वर्षांनी घरी येईल, बघा."

ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मला वाटलं आता हिचा बांध फुटणार. पण ती एवढंच म्हणाली, "साहेब बोलले तेवढं व्हावं. कमी नको, जास्तही नको."

"वजनकाट्यावर बसून सवय लागली वाटतं," मी हसून म्हटलं.

"हो. तिथे दोन्हीकडून शिव्या खाव्या लागतात." तीही जराशी हसली. मग माझा हात सोडवून घेऊन गेली.

माझ्या लक्षात आलं, मी हिचा चेहरा नीट पाहिला तो आज. ती म्हणते जानेवारीत पहिल्या बाकावर होते. असेल. माझ्यापासून सहा हातांवर. पण कोर्टात माझी मान खाली. एवढी वर्षं मी माणसांचे आवाज ऐकले, किती जणांना शिक्षा होताना ऐकलं, चेहरा एकाचाही सांगता यायचा नाही.

११ मार्च, मंगळवार

भिंगरी तुरुंगातून परत आली. आज पहिल्यांदा ती चालत आली. तो सही करत नाही!

"समजलं नसेल त्याला," मी म्हटलं.

"माझ्यापेक्षा जास्त समजलंय. ओळ राहिली हे कळलं, शिक्षा अर्धी होईल हे कळलं. शांतपणे म्हणाला, गठ्ठा दोघांनी धरला होता, पण मेले ते एकेकटे. एकाची शिक्षा दुसऱ्याच्यात कशी घालायची? तीन ह्याची, तीन त्याची. चुकून का होईना, बरोबर लिहिलं गेलंय. राहू द्या."

मी तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

"मी म्हटलं, घरचे एवढी धावपळ करताहेत. तर 'घरचे?' म्हणाला, आणि मान खाली घालून बसला."

साहेबांना सांगितलं. ते खिडकीशी उभे होते. "कायद्याने दिलेलं सगळ्यांना हवं असतं," म्हणाले, "कायद्याने चुकून जास्त दिलेलं मागून घेणारा पहिल्यांदाच बघतोय." त्यांच्या आवाजात जे नवल होतं तेच माझ्याही मनात होतं. पण मला त्याचा रागही आला. अरे बाबा, माझ्या विसरण्याला तू न्याय म्हणतोस? मी काही न्याय केला नाही. मी एक फाइल चिकटवली! तू ती सहा वर्षं भोगलीस तर त्यातली तीन माझ्या हातची असतील. ती मी कुठे ठेवू?

१२ मार्च, बुधवार

बाई आली. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, परवा शेवटचा दिवस आणि तो नाही म्हणतोय. गठ्ठ्याचं तो काय बोलला तेही सांगितलं.

गठ्ठ्याचं ऐकून तिने डोळे मिटले. बाकाची कड घट्ट धरली. मी पाणी आणून दिलं ते हातातच राहिलं.

"तुम्ही सांगा त्याला," मी म्हटलं. "आमचं नाही ऐकणार. तुम्ही आई आहात."

"आई आहे," ती म्हणाली. "खरं आहे."

उठली तेव्हा विचारलं, "भेटू देतात का तिथे? कुणालाही?" मी म्हटलं, कुणालाही नाही, पण तुम्हाला देतील, अर्ज करा. ती म्हणाली, "माझं मी बघते." आणि दाराशी थांबून — "अर्जात खरंच लिहावं लागतं ना सगळं?"

काय हा प्रश्न! म्हटलं, अर्थात.

१३ मार्च, गुरुवार

काही कळलं नाही. कामात तीन चुका केल्या, तिन्ही सापडल्या.

'शेवट' नावाची फाइल काढून टाकली.

१४ मार्च, शुक्रवार. साठावा दिवस.

दुपारी पाऊणला भिंगरीचा फोन. "चला लवकर. वहीबद्दलचं तुमचं प्रतिज्ञापत्र घ्या, साहेबांचं टिपण घ्या. सही करतो म्हणतोय." मी विचारायच्या आधीच साहेब म्हणाले, जा.

तुरुंग म्हणजे मला वाटलं होतं तसं नव्हतं. लांबट खोली, हिरवा रंग, मध्ये टेबल, भिंतीवर घड्याळ. दोन वाजून दहा मिनिटं. फिनाइलचा वास. तो आला. मी ठरवलं होतं, मान वर ठेवायची. ठेवली.

चाळिशीचा. बारीक मनगटं, नखांत अजून काळी रेघ, दोन महिन्यांनीही न गेलेली. मी कोण ते भिंगरीने सांगितलं, तर उठून उभाच राहिला. "तुम्हाला माझ्यामुळे फार त्रास झाला."

मला! त्रास! कसंबसं म्हटलं, "ओळ माझ्या हातून राहिली. तेरा तारखेला. माझी दाढ दुखत होती, मला लवकर घरी जायचं होतं, आणि मी शेवट नीट पाहिला नाही." हे दाढेचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. साहेबांना नाही, ह्यांना नाही, ह्या रोजनिशीलाही नाही.

तो पुन्हा खाली बसला. मग म्हणाला, "मलाही त्या दिवशी लवकर जायचं होतं." बस्स. एवढंच. आम्ही दोघं त्या टेबलाच्या दोन बाजूंना बसून होतो आणि मला वाटलं, ह्या सगळ्या जगात आत्ता मला नीट ओळखणारा हा एकच माणूस आहे.

भिंगरी घड्याळाकडे बघून कागद पुढे सरकवायला लागली. मी विचारलंच, आता तयार कसे झालात?

"त्या आल्या होत्या. काल. तासभर बसल्या. आधी काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, साहेबांनी मोजून दिलंय, तेवढं भोग. वरचं तू स्वतःहून घेतलंस तर कुणाला बरं वाटणार आहे? मला नाही वाटणार." त्याने नखातली काळी रेघ खरवडली. "म्हणाल्या, तीन वर्षं पूर्ण कर, आणि मग बाहेर येऊन कामाला लाग. एकेक लिफ्ट तपास. मला 'नाही' म्हणता आलं नाही. त्यांना कसं म्हणणार?"

आईला 'त्या' म्हणतो! आमच्या घरी कुणी आईला अहोजाहो केलं असतं तर तिने कपाळाला हात लावून ताप बघितला असता. जुन्या वळणाचं घर दिसतंय. पण काय बाई! पोटच्या पोराला 'तेवढं भोग' सांगायचं, आणि त्यातच त्याला सोडवायचं! मला जमलं नसतं.

त्याने पेन धरलं ते पेचकस धरावा तसं, मुठीत. सावकाश सही केली. मग आमच्याआधी त्यानेच अपिलाचं शेवटचं पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बोट ठेवून. तुरुंगाधिकाऱ्याने शिक्का मारला, दोन पंचावन्न. मी तो शिक्का वाळेपर्यंत बघत होते.

१७ मार्च, सोमवार

ऑफिसने माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. चार ओळींत दिला. दाढेचंही लिहिलं.

काट्यावरची बाई आली नाही. वाटलं होतं येईल. मी दोनदा बाकाकडे जाऊन आले.

९ एप्रिल, बुधवार

मला ताकीद. साहेबांची नेमणूक पुढे ढकलली, कारण कुणी सांगत नाही. त्यांनी आज निकालाचं शेवटचं पान वाचायला अकरा मिनिटं घेतली. मी दाराशी उभी राहून मोजली.

६ मे, मंगळवार

वरच्या कोर्टाचा आदेश आला. आमच्या दप्तरासाठी प्रत. मी शेवटच्या पानापासून वाचायला घेतलं, आता तीच सवय. दोन्ही शिक्षा एकाच वेळी. तीन वर्षं! मी टेबलावर डोकं टेकवलं.

मग त्याच्या वरचा परिच्छेद वाचला. त्यात आहे — केवळ लघुलेखिकेच्या वहीवर विसंबणे कठीण होते. परंतु दोन मृतांपैकी धाकट्या हमालाची आई, वजनकाट्यावर नोकरीस, हिने आपणहून हजर राहून शपथेवर सांगितले की शिक्षा सुनावली त्या दिवशी ती पहिल्या बाकावर होती, आणि न्यायाधीश काय म्हणाले ते तिने स्वतः ऐकले आहे.

मी तिचा हात हातात घेतला होता. म्हटलं होतं, तुमचा मुलगा घरी येईल, बघा.

तिने मला दुरुस्त केलं नाही.